दर्शना पाईकरावचा क्रमांक

मित्रांनो, मी एक जुना क्रमांक आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंग नाही, वास नाही. चार-चारच्या गटांत उभी असलेली सोळा घरं, एवढाच माझा देह. त्यातल्या पंधरा घरांत अंक आहेत आणि शेवटच्या घरात इंग्रजी एक्स. त्या एक्समुळे मला पहिल्यांदा पाहणारा हमखास म्हणतो, "हे काहीतरी चुकलंय." चुकलेलं काही नाही. आधीच्या अंकांचा मेळ बसतो की नाही, याची ती खूण आहे. माझ्या भावंडांपैकी थोड्यांच्याच वाट्याला ती येते, आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा तोरा आहे.

तुम्ही म्हणाल, क्रमांकाचं कसलं आलंय आत्मवृत्त? क्रमांक तर बसलाही असतो आणि शाळेच्या हजेरीतही असतो. खरं आहे. पण हजेरीतला क्रमांक दरवर्षी बदलतो, आणि आज एका बसवर असलेली पाटी उद्या दुसऱ्या बसवर लागते. मी संशोधकाचा ओळख क्रमांक आहे. जगातल्या एकाच माणसाला मी मिळतो आणि कायम त्याचाच राहतो. त्याने शोधनिबंध लिहिला, की तो माझ्या पानावर येऊन बसतो. त्याने संशोधनासाठी निधी मागितला, की अर्जात मला लिहितात आणि निधी देणारे माझं पान उघडून त्याचं काम बघतात. माणसाचं गाव बदलो, नोकरी बदलो, मी बदलत नाही. ज्या पडद्यावर माझं पान उघडतं, तिथून मला समोरचं दिसतं आणि ऐकू येतं. एरवी मी नुसता असतो.

माझा जन्म घाटकोपरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात झाला. त्या आठवड्यात कॉलेजात तपासणी समिती यायची होती, त्यामुळे सगळीकडे लगीनघाई होती. भिंतींचा रंग ओला होता. शेजारच्या नर्सरीतून भाड्याने आणलेल्या कुंड्या जिन्यावर मांडल्या होत्या. अशात वरून फर्मान आलं की शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या प्रत्येकाचा ओळख क्रमांक संध्याकाळपर्यंत झालाच पाहिजे. ऑफिसातले धोंडिराम कॉम्प्युटरसमोर बसले आणि गिरणीतून पीठ पडावं तसे आम्ही एकामागून एक पडू लागलो.

"मॅडम, नाव बोला," धोंडिराम मान वर न करता म्हणाले.

"दर्शना कुंडलिक पाईकराव."

"मेल कॉलेजचा टाकतो. एक जादाचा पण द्या, लागतो कधीकधी."

समोरची मुलगी हसली. "जादाचा? माझ्याकडे नाही हो. पप्पांचा टाका. त्यांना मोबाइल घेतला तेव्हा दुकानदाराने काढून दिलाय. त्यांना स्वतःला माहीत पण नाही."

असा मी जन्मलो. मला छापलं, प्लास्टिकमध्ये मढवलं आणि स्टाफरूमबाहेरच्या फलकावर बाकीच्यांबरोबर लावलं. वर झेंडूची माळसुद्धा आली. समिती आली, चहा पिऊन, माना डोलावून गेली. दुसऱ्या दिवशी कुंड्या परत गेल्या, माळ उतरली आणि आम्हा सगळ्यांना कॉलेज विसरलं. माझ्या बरोबरीचे कितीतरी क्रमांक अजून कोऱ्या पानाने बसले आहेत.

मला मात्र दर्शना विसरली नाही. ती तेव्हा पीएचडी करत होती आणि तासांवर शिकवतही होती. तिचा विषय होता डोंगराची माती. ज्या डोंगराच्या उतारावर तिचं घर होतं, त्याच डोंगराची! वडील कुंडलिक आयुष्यभर बांधकामावर सेंट्रिंगचं काम करत आले आणि आई शकुबाई चार घरचा स्वयंपाक करायच्या. वाशिमकडून आलेल्या या कुटुंबाने उतारावर दोन खोल्या उभ्या केल्या होत्या आणि घरामागे, माती धरून ठेवायला, सरकारने बांधलेली दगडी भिंत होती.

एके दिवशी दर्शनाने माझं पान उघडलं आणि त्यावर पहिला निबंध चढवला. मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? तोवर मी नुसते अंक होतो. मला काय ठाऊक, माती म्हणजे काय, पाणी म्हणजे काय! त्या निबंधात लिहिलं होतं की पावसात डोंगर आतून भरत जातो, मातीच्या कणाकणांमध्ये पाणी शिरतं, ते कणांना एकमेकांपासून ढकलतं आणि एका घटकेला सबंध उतार स्वतःचं वजन धरेनासा होतो. वरून काही दिसत नाही. कपडे वाळत असतात, कुकरच्या शिट्ट्या होत असतात आणि खाली जमीन निसटायच्या बेतात असते. मी थक्क झालो. एवढं मोठं गूढ एका मुलीनं शोधलं आणि ठेवायला दिलं माझ्याजवळ.

दुसऱ्या निबंधाने तर मला आणखीच चकित केलं. दगडी भिंतीला पाणी बाहेर पडायला भोकं ठेवलेली असतात. त्यांतून गढूळ पाणी गल्लीत येतं, दारात चिखल होतो, म्हणून बायका त्या भोकांत चिंध्या कोंबतात. शकुबाईही कोंबायच्या. लहानपणी दर्शनाने आईच्या हातात फाटक्या परकराचे तुकडे दिले होते. मोठी झाल्यावर तिने मोजून दाखवलं की त्या चिंध्यांमुळे भिंतीमागे पाणी तुंबतं आणि भिंतीवर किती भार वाढतो. रोजच्या चिंधीकडे जो असा पाहू शकतो, त्या माणसाचा मी क्रमांक आहे, या विचाराने माझी छाती फुगली. छाती नाही मला, पण तुम्ही समजून घ्या.

माझ्या पानावर पाच निबंध जमले. दूरदूरच्या देशांतली माणसं माझ्यावर बोट ठेवून दर्शना पाईकराव कोण ते बघून जायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग तिचं लग्न झालं. मुलुंडचा सम्यक भालेराव, स्वभावाने गरीब, तिच्या अभ्यासाचं कौतुक करणारा. त्याच सुमारास तिला दिंडोशीच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. रुजू व्हायच्या दिवशी हिशेब विभागातल्या माणसाने तिला बजावलं होतं की सगळीकडे एकच नाव पाहिजे, जुन्या नावाचं काही ठेवू नका, पगार अडकतो. पगार अडकतो म्हटल्यावर आपली माणसं काय वाटेल ते करतात. कॉलेज सोडल्यावर तिथला मेलही बंद झाला होता. म्हणून तिने संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसून नवा क्रमांक काढायला घेतला. नाव टाकलं, दर्शना सम्यक भालेराव.

आमची यंत्रणा नवा क्रमांक देण्याआधी शोध घेते. हा माणूस आधीच आपल्याकडे तर नाही ना? तिला मी सापडलो. पडद्यावर माझं नाव आलं, दर्शना कुंडलिक पाईकराव, आणि खाली प्रश्न आला, "ही तुम्हीच का?"

कितीतरी दिवसांनी मी तिचा चेहरा पाहिला. थोडी दमलेली, पण तीच. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, आटपा ना, लाइन लागलीये." तिने 'नाही' दाबलं आणि पान मिटलं.

मी रागावलो नाही. क्रमांकाला रागावता येत नाही. पण वाईट वाटलं, हे खरं. पाच निबंध पोटाशी धरून मी पडून राहिलो. माझ्या जागी आलेल्या नव्या क्रमांकाच्या पानावर तिचे पुढचे दोन निबंध गेले.

मला पुन्हा जाग आली ती एका शुक्रवारी दुपारी, दिंडोशीलाच. पडद्यासमोर दर्शना होती आणि तिच्या शेजारी संस्थेचा निधी विभाग सांभाळणाऱ्या शर्मिष्ठा मॅडम. मूळच्या कणकवलीच्या, बोलायला सडेतोड. दोघींच्या बोलण्यावरून मला हळूहळू सगळं समजलं. आदल्या पावसात दर्शनाच्या माहेरच्या घरामागची भिंत फुगली होती. कुंडलिक आणि शकुबाई अजून तिथेच राहत होते, आणि त्यांच्यासारखी सबंध गल्ली. भिंतीमागच्या मातीत पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या बसवायच्या, दाब वाढला की गल्लीला आधीच सावध करायचं, असा दर्शनाचा प्रकल्प होता. त्यासाठी एका मोठ्या विज्ञान निधीकडे अर्ज केला होता. नळ्या पावसाआधी जमिनीत गेल्या तरच उपयोग होता. आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती.

अर्जात फक्त ओळख क्रमांक मागितला होता. कामाची यादी निधीची यंत्रणा त्या क्रमांकावरून स्वतः उचलणार होती. नव्या क्रमांकावरून तिला दोनच निबंध मिळाले, डोंगराचा एकही नाही. म्हणून सकाळी दर्शनाने पाचही जुने निबंध नव्या पानावर चढवले होते आणि तिथेच घोटाळा झाला. यंत्रणेने अर्ज अडवला आणि मला पडद्यावर आणून उभं केलं. शर्मिष्ठा मॅडम मोठ्याने वाचत होत्या.

"'हे शोधनिबंध दर्शना पाईकराव या दुसऱ्या व्यक्तीच्या क्रमांकाखाली नोंदलेले आहेत. खुलासा होईपर्यंत अर्ज पुढे जाणार नाही.' अगं बाय माझे! दुसऱ्याचे पेपर तू आपल्या नावावर टाकलेस, असं म्हणतेय ही सिस्टिम."

"दुसरी कोण मॅडम? पाईकराव म्हणजे मीच ना!"

"ते मला कळतं. मशीनला कोण सांगणार? तुझं आधार कार्ड दाखवू त्याला?"

दर्शनाचा चेहरा पडला. स्वतःच्याच कामाची चोर ठरली होती ती! मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, हीच ती, मी हिचाच आहे. पण आम्हाला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "हा जुना उघडायचा आणि याच्याकडूनच सांगायचं की दोघी एकच. मग एक ठेवायचा, दुसरा त्यात मिळवायचा. पासवर्ड?"

"आठवत नाही. मेल कॉलेजचा होता, तो बंद झाला."

"दुसरा मेल दिलेला काय?"

यंत्रणेने जादाच्या मेलचं पहिलं अक्षर दाखवलं, पुढे सगळ्या चांदण्या. के. दर्शना आधी गोंधळली आणि मग एकदम तिचा हात तोंडावर गेला.

"पप्पांचा! मॅडम, तो पप्पांचा आहे!"

तिने तिथूनच फोन लावला. "पप्पा, तुमच्या मोबाइलमध्ये मेल आलाय का बघा."

"काय आलंय?"

"मेल, पप्पा. लाल-पांढरं पाकीट असतं बघा..."

"पाकीट कुठलं? पोस्टमन तर आला न्हाई गं."

"जा, जा तू," शर्मिष्ठा मॅडमनी तिला खुर्चीतून उठवलं. "रिक्षा कर, मेट्रो पकड, काय ते कर. मी इथे अर्ज उघडा ठेवून बसते."

पुढचं मला दिसलं ते कुंडलिकांच्या मोबाइलमधून. जाहिरातींच्या गर्दीतून दर्शनाने आमचा मेल शोधला, दुव्यावर बोट ठेवलं आणि मी उघडलो. मोबाइल हातात घेऊन ती उंबऱ्यावर बसली होती. आणि मित्रांनो, तिच्या खांद्यावरून मला तो दिसला.

डोंगर!

पाच निबंधांत मी त्याला वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. त्याच्या मातीचा कण न् कण मला पाठ होता, पण पाहिला कधीच नव्हता. निबंधांत तो आकडे होता, रेघा होता. इथे तो घरांच्या डोक्यावर उभा होता, केवढा तरी, आणि त्याच्या अंगावर माणसं राहत होती! निळ्या ताडपत्र्या, पाण्याचे ड्रम, तुळशीचे डबे, पायऱ्यांवर बसून अभ्यास करणारी पोरं, एका दारातल्या सुक्या बोंबलांकडे टक लावून बसलेलं मांजर. आणि घरांमागे ती भिंत, मधोमध पोट सुटलेली. भोकांत चिंध्या. माझ्याजवळच्या आकड्यांना दारं होती, चुली होत्या, नावं होती. हे मला तेव्हा कळलं. मी एवढा भारावलो की माझा एक्सचा तोरा कुठच्या कुठे गेला.

कुंडलिक मुलीच्या शेजारी टेकले आणि पडद्याकडे डोळे बारीक करून बघू लागले.

"दर्शना कुंडलिक पाईकराव," त्यांनी सावकाश वाचलं. "यात माझंबी नाव हाय की गं."

"पहिल्यापासून आहे, पप्पा. या डोंगराचं सगळं काम या नावावर आहे."

"आन् आता?"

दर्शनाने स्वतःचा मोबाइल काढला. तिने शर्मिष्ठा मॅडमना फोन लावला. "मॅडम, उघडलं. पण मी हा जुनाच ठेवला तर? नवा यात मिळवते ना."

"वेडी आहेस काय? अर्ज नव्यावर आहे, संचालकांची सही नव्यावर झालीये. जुना धरलास तर सगळं पहिल्यापासून. पाचला खिडकी बंद होते." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "खरं म्हणजे लग्न झालं तेव्हा याच क्रमांकावर नुसतं नाव बदलायचं होतं. चहा पिता पिता झालं असतं."

"तेव्हा कोणी सांगितलं नाही ना मॅडम." तिने पडद्यावरच्या माझ्याकडे पाहिलं. "हा पुसला जाणार का?"

"पान रिकामं होतं. पण क्रमांक पुसत नाहीत गं. जो कोणी त्याच्याकडे येईल, त्याला तो नव्याकडे पाठवतो. कायमचा."

शकुबाई आतून पाणी घेऊन आल्या होत्या. सगळं त्यांना समजलं नसेल, पण मुलीचे डोळे त्यांना समजले. "काय झालं गं? हा चांगला न्हाई का?"

"चांगलाच आहे, आई. मीच याला ओळख दिली नाही."

हे तिने म्हटलं आणि माझं सगळं दुःख फिटलं.

बंद करण्याआधी तिने एक गोष्ट केली. स्वतःच्या मोबाइलवर नवं पान उघडून त्यावर एक ओळ वाढवली: 'या नावानेही ओळख, दर्शना कुंडलिक पाईकराव.' ती ओळ तिने वडिलांना दाखवली. कुंडलिकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "मग कर बंद. बिनधास्त."

तिने माझ्यावर बोट ठेवलं. पाच निबंध माझ्या पानावरून गेले. वाटलं होतं की रितं वाटेल, पण तसं वाटलं नाही. ते कुठे चालले आहेत हे मला दिसत होतं. दिंडोशीत शर्मिष्ठा मॅडमच्या पडद्यावरची लाल ओळ गेली असावी, कारण फोनमधून त्यांचा आवाज आला, "गेला! अर्ज गेला गं, झकास!" शकुबाईंनी काही न विचारता साखरेचा डबा काढला.

आज माझ्या पानावर एकच वाक्य आहे: हा क्रमांक आता त्या क्रमांकात मिळवला आहे. कोणी माझ्याकडे आलं, की मी त्याला तिच्या पानावर नेऊन सोडतो, आणि तेवढ्या निमिषात मला ते पान दिसतं. तिथे निधी मंजूर झाल्याची नोंद आहे. ती निधीवाल्यांनी स्वतः येऊन लिहिली आहे. नंतर तिथे नवा निबंध आला. त्यात लिहिलंय की पावसाआधी नळ्या बसल्या. एका दुपारी दाब चढला, गल्ली रिकामी करून माणसांना पालिकेच्या शाळेत नेलं, आणि संध्याकाळी भिंतीचा एक भाग खाली आला. घरांत कोणी नव्हतं. भोकांतल्या चिंध्या काढण्याचं काम गल्लीतल्या बायकांनी वाटून घेतलं, म्हणून शेवटी त्यांचे आभार मानले आहेत. त्यात पहिलं नाव शकुबाई पाईकराव.

परवा हिमालयाकडच्या एका गावातून एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या घरामागेही असाच उतार असावा. दर्शनाचा पहिला निबंध वाचून, त्याखाली छापलेल्या माझ्यावर तिने बोट ठेवलं होतं. निबंध जुना, नाव जुनं, कॉलेजही मागे पडलेलं. तरीही ती चुकली नाही. मी तिला थेट दर्शनाच्या दारात पोहोचवलं. रिकाम्या पानाच्या क्रमांकाला एवढं करता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काहीतरी शोधाल. तुमची नावं बदलतील, घरं बदलतील, घाईच्या रांगा तुमच्या मागे उभ्या राहतील. अशा वेळी एखाद्या पडद्यावर तुमचं जुनं नाव येईल आणि कोणी विचारेल, "ही तुम्हीच का?" तेव्हा रांगेला जरा थांबू द्या. त्या नावाकडे नीट बघा. त्याच्या पोटाशी एखादा डोंगर असेल.

आणि ती तुम्हीच असाल, तर 'हो' म्हणा.